हिमालयातला असेला आणि त्याचं जेनेटिक्स: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

धरण, हॅचरी, मत्स्यबीज असा कुठलाही विषय निघाला की असेल्याबद्दल तेच तेच प्रश्न येतात, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय. क्रम असा काही नाही, ज्याला जे पाहिजे ते वाचा. काही उत्तरं लांबलीयत कारण तिथे विषयच तसा आहे.

असेला म्हणजे कुठला मासा? ट्राउटचाच प्रकार ना?

स्नो ट्राउट म्हणतात खरं पण ट्राउटशी त्याचा काही संबंध नाही, आपले रोहू, कटला, महासीर ज्या कार्प कुळातले त्याच कुळातला हा. शास्त्रीय नाव शायझोथोरॅक्स रिचर्डसोनी, ग्रे नावाच्या ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञानं १८३२ मध्ये दिलेलं वर्णन. कुमाऊं-गढवालकडे असेला, नेपाळात असला. तोंड खालच्या बाजूला, खालच्या जबड्याला टणक धार आणि तिच्यामागे दाणेदार ओठ, त्यानं तो दगडाला धरून राहतो आणि दगडावरचं शेवाळ खरवडून खातो. पाणी थंड पाहिजे, वाहतं पाहिजे, तळाला गोटे पाहिजेत. चारधामला गेला असाल तर बद्रीनाथच्या रस्त्यावर बसच्या खिडकीतून जी अलकनंदा दिसते ना खळाळत जाणारी, तेच याचं घर. आययूसीएनच्या (निसर्गसंवर्धनाची जागतिक संघटना) यादीत हा 'व्हल्नरेबल' म्हणजे नामशेष होण्याचा धोका असलेल्या गटात आहे.

सगळीकडे सारखाच तर दिसतो, मग डीएनए कशाला बघायचा?

सारखा दिसतो म्हणूनच बघायचा. असेल्याचा आकार, ओठ, रंग हे पाण्याच्या वेगाप्रमाणे आणि खाण्याप्रमाणे बरंच बदलतं, त्यामुळे एकाच आईची पोरं वेगळ्या जातीची वाटू शकतात आणि हजारो वर्षं एकमेकांना न भेटलेले मासे एकसारखे दिसू शकतात. डोळ्यांनी हे कळत नाही. आणि दुसरं म्हणजे नदीत मासे किती आहेत हे जाळं टाकून मोजता येतं पण ते मासे किती घराण्यांतून आलेत, गेल्या दहा-वीस पिढ्यांत एका ओढ्यातले मासे दुसऱ्या ओढ्यात गेले का नाही, हे जाळ्यानं कळत नाही. माझं तर मत आहे की हिमालयातल्या माशांबद्दलचे निम्मे वाद, म्हणजे धरण चालेल का, बीज सोडायचं का, कुठलं सोडायचं, हे या एका माहितीशिवाय नुसते गप्पांचे आहेत.

पॉप्युलेशन म्हणजे काय धरायचं? एका नदीतले सगळे मासे एकच पॉप्युलेशन ना?

बहुतेक वेळा नाही. पॉप्युलेशन म्हणजे जे मासे एकमेकांशी जोडी जमवतात तो गट. अलकनंदेचंच घ्या, विष्णुप्रयागला धौलीगंगा येऊन मिळते, नंदप्रयागला नंदाकिनी, कर्णप्रयागला पिंडर, रुद्रप्रयागला मंदाकिनी आणि देवप्रयागला भागीरथी. असेला हिवाळ्यात खालच्या, जरा कमी गार पाण्यात उतरतो आणि विणीच्या वेळी वर, उपनद्यांत आणि छोट्या गाडांत चढतो (गाड म्हणजे तिकडचा ओढा). आता पिंडरमध्ये जन्मलेला मासा हिवाळ्यात अलकनंदेत उतरला आणि पुढच्या विणीला परत पिंडरमध्येच चढला तर पिंडरचं पॉप्युलेशन वेगळं राहणार. चुकून नंदाकिनीत चढला तर दोन्हीकडचं मिसळणार. अशी मिसळ दर पिढीला किती होते यावर सगळं अवलंबून असतं, आणि नकाशावर पाच प्रयाग दिसतात म्हणून पाच पॉप्युलेशन असतील असंही धरून चालता येत नाही, ते मोजावंच लागतं.

गंगा आणि यमुना तर शेवटी एकच होतात, मग तिथले असेले वेगळे कसे?

हा प्रश्न मला आवडतो कारण यात हिमालयातल्या माशांची सगळी गंमत आहे. भागीरथी आणि यमुना यांच्या उगमाकडच्या खोऱ्यांमध्ये बंदरपूंछचा डोंगर आहे, पक्ष्याला तो ओलांडायला काही वाटत नाही पण माशाला जायचं तर पाण्यातूनच जावं लागतं. पाण्याची वाट म्हणजे खाली ऋषिकेश, हरिद्वार, मग मैदानातून थेट प्रयागराज, तिथून उलटं यमुनेतून वर दिल्ली, मग डाकपत्थर आणि पुढे डोंगर. एवढ्या कोमट, गाळाच्या पाण्यात असेला टिकत नाही, म्हणजे कागदावर नद्या जोडलेल्या आहेत आणि माशाच्या दृष्टीनं तुटलेल्या. त्यामुळे अंतर मोजताना नदीच्या वाटेनं मोजायचं आणि तेही माशाला चालेल अशा पाण्यातून. सरळ रेघ मारून किलोमीटर काढले तर सगळं विश्लेषण फुकट जातं. सिंधू, गंगा, ब्रह्मपुत्रा या तिन्ही खोऱ्यांत शायझोथोरॅक्स आहेत, ते आज एकमेकांना भेटत नाहीत. मग हे सगळीकडे पसरले कसे, तर पूर्वी हवामान जास्त थंड असताना हे मासे आजच्यापेक्षा खाली राहू शकत असणार आणि हिमालय वर येताना एका नदीनं दुसरीचा वरचा प्रवाह आपल्याकडे ओढून घेतला असंही घडलेलं आहे, तेव्हा पाण्याबरोबर मासेही इकडचे तिकडे होतात.

सॅम्पल कसं घेतात? मासा मारतात का?

मारायची गरज नाही. पराचा नखाएवढा तुकडा कात्रीनं घ्यायचा, ९५ टक्के अल्कोहोलच्या कुपीत टाकायचा, जागा, तारीख, उंची, जीपीएस लिहायचं आणि मासा परत पाण्यात सोडायचा. पर बहुतेक वेळा परत वाढतो. खरं अवघड काम वेगळंच आहे. एका डोहातून एका झटक्यात तीस पिल्लं पकडून आणली तर त्यातली अर्धी सख्खी भावंडं निघू शकतात, मग तुम्ही नदीचं जेनेटिक्स मोजत नाही, एका कुटुंबाचं मोजताय. म्हणून वेगवेगळ्या वयाचे मासे, नदीच्या लांब पट्ट्यातून, जमलं तर वेगवेगळ्या वर्षी. आणि कुप्यांवरची शाई अल्कोहोलनं पुसली जाते, पेन्सिलनं लिहिलेला कागद कुपीच्या आत टाका, हे कोणी पुस्तकात सांगत नाही.

परवानग्या लागतात, राज्याच्या मत्स्य विभागाची, संरक्षित जंगल असेल तर वनखात्याची. आणि सॅम्पल परदेशात पाठवायचं असेल तर २००२ च्या जैवविविधता कायद्याचे नियम लागतात, मित्राच्या लॅबला सहज कुरिअर केलं असं चालत नाही.

मायटोकॉन्ड्रिया, मायक्रोसॅटेलाइट, एसएनपी, हे सगळं काय आहे? कुठलं चांगलं?

मायटोकॉन्ड्रिया म्हणजे पेशीतला ऊर्जा तयार करणारा भाग, त्याचा डीएनए फक्त आईकडून येतो, म्हणजे आडनावासारखा पण आईच्या बाजूनं चालणारा. साधारण साडेसोळा हजार अक्षरांचा छोटा डीएनए, त्यातलं सायटोक्रोम बी नावाचं अकराशे-साडेअकराशे अक्षरांचं जनुक माशांच्या अभ्यासात खूप वापरलं गेलंय. जुना इतिहास, कुठलं खोरं कुठल्यापासून कधी तुटलं, यासाठी हे छान. पण बापाची बाजू यात अजिबात दिसत नाही, आणि संकर झाला असेल तर हा डीएनए सरळ सरळ फसवतो.

मायक्रोसॅटेलाइट म्हणजे जिथे दोन-चार अक्षरं परत परत येतात अशा जागा. परत परत किती वेळा येतात ते पटकन बदलतं, त्यामुळे अलीकडच्या गोष्टी आणि नातीगोती यात दिसतात. स्वस्त पडतं, अजूनही बऱ्याच लॅब हेच करतात.

एसएनपी म्हणजे एका अक्षराचा फरक, पण असे हजारो फरक एकदम वाचायचे. आज नवीन काम सुरू करत असाल आणि पैसे असतील तर हेच करा. पैसे नसतील तर पंधरा-वीस मायक्रोसॅटेलाइट आणि नीट घेतलेली सॅम्पलं हे हजारो एसएनपी आणि ढिसाळ सॅम्पलांपेक्षा केव्हाही बरं, यावर मी कुणाशीही भांडायला तयार आहे.

ई-डीएनए म्हणजे नुसतं पाणी गाळून हे सगळं कळेल का?

माशांच्या अंगातून पाण्यात सुटलेल्या डीएनएवरून मासा तिथे आहे का नाही हे कळतं. किती घराणी आहेत, मिसळ होते का, याला अजून पराचा तुकडाच लागतो.

असेल्याचे क्रोमोसोम दुप्पट आहेत म्हणे, त्यानं काय फरक पडतो?

फार पडतो आणि बरेच जण इथेच घसरतात. कार्प कुळातल्या बऱ्याच माशांत ५० क्रोमोसोम असतात. असेल्यात ९८ च्या आसपास. म्हणजे याच्या पूर्वजांत कधीतरी संपूर्ण जिनोमच (म्हणजे सगळा डीएनए) डबल झालेला आहे, याला टेट्राप्लॉइड मूळ म्हणतात. आपल्या तळ्यात वाढवतात त्या कॉमन कार्पचंही असंच, १०० क्रोमोसोम.

आता अडचण बघा. नेहमीच्या माशात एका जागी दोन प्रती असतात, एक आईची एक बापाची. इथे तुमचा प्रायमर (डीएनएवरची ठरावीक जागा शोधणारा छोटा तुकडा) एकसारख्या दिसणाऱ्या दोन जागा एकदम उचलतो आणि एका माशात तीन किंवा चार प्रकार दिसतात. एसएनपी करताना याच्या उलटं, दोन जुळ्या जागा सॉफ्टवेअर एकच समजतं आणि सगळेच मासे तिथे मिश्र दाखवतं. मग आकडे बघून माणूस खूश होतो की अरे वा, विविधता भरपूर आहे. ती विविधता नसून दोन जागांची भेसळ असते. म्हणून असेल्यावरचा कुठलाही पेपर हातात आला की मी आधी मेथड्समध्ये हे बघतो, की जुळ्या जागा वेगळ्या काढल्या का, नुसतं रेघ मारून पुढे गेलेत का.

एफएसटी ०.०५ आला. हे कमी का जास्त?

एफएसटी म्हणजे एकूण फरकातला किती भाग हा गटागटांमधला आहे. ० म्हणजे दोन्ही गट पूर्ण मिसळलेले, १ म्हणजे पूर्ण वेगळे. अंदाजाला एक जुनं सूत्र आहे, दर पिढीला सरासरी एक मासा इकडून तिकडे जाऊन विणीत भाग घेत असेल तर एफएसटी ०.२ च्या आसपास स्थिरावतो. पाच मासे जात असतील तर ०.०५ च्या जवळ. म्हणजे बघा किती थोड्या येण्याजाण्यानं गट जोडलेले राहतात. पण हे सूत्र धरतं की परिस्थिती शेकडो पिढ्या तशीच आहे आणि हिमालयात तशी कधीच नसते, त्यामुळे यावरून 'दर पिढीला ४.७ मासे जातात' असं छातीठोक लिहिणाऱ्यांपासून लांब राहा. शिवाय मायक्रोसॅटेलाइटवरचा एफएसटी मुळातच १ पर्यंत पोचू शकत नाही, विविधता जास्त असली की त्याची कमाल किंमतच खाली येते, म्हणून एसएनपीवरच्या आकड्याशी त्याची थेट तुलना करू नका.

नदीत हजारो मासे दिसतात आणि तुम्ही म्हणता इफेक्टिव्ह पॉप्युलेशन शंभर, असं कसं?

कारण सगळे मासे पुढच्या पिढीत सारखा वाटा देत नाहीत, आणि इफेक्टिव्ह आकडा म्हणजे सारखा वाटा देणारे किती मासे धरले तर हिशोब जुळतो तो आकडा. असेल्याची एक मोठी मादी हजारो अंडी घालते, पण बहुतेक माद्यांची सगळी अंडी पुरात जातात आणि एखाद-दोघींची चांगल्या जागी पडलेली वाचतात. पुढच्या वर्षी नदी पिल्लांनी भरलेली दिसते पण ती मोजक्याच आयांची असतात. वेगवेगळ्या प्राण्यांवर झालेल्या अभ्यासांची सरासरी काढली तर इफेक्टिव्ह आकडा खऱ्या आकड्याच्या साधारण दहाव्या भागाइतका निघतो, अंडी भरपूर घालणाऱ्या माशांत त्याहूनही कमी असू शकतो.

हिशोब सोपा आहे. इफेक्टिव्ह आकडा ५० असेल तर दर पिढीला १ टक्का विविधता कायमची जाते, १० असेल तर ५ टक्के. ५० च्या वर असला तर जवळच्या नात्यातल्या संकराचा तातडीचा धोका कमी आणि ५०० च्या वर असला तर लांबच्या भविष्यासाठी बरं, असा १९८० पासूनचा एक ढोबळ नियम आहे, हल्ली बरेच जण हे आकडे दुप्पट धरा म्हणतात. कुठलाही धरा, वरच्या भागातल्या छोट्या गाडांमधले असेले या रेषेच्या खालीच असण्याची शक्यता जास्त, त्यांचा आधार म्हणजे खालून अधूनमधून येणारे पाहुणे. ते पाहुणे थांबले की मग काय ते पुढच्या प्रश्नात.

टिहरी धरणाला इतकी वर्षं झाली, वरच्या आणि खालच्या माशांत फरक सापडला नाही तर धरणानं काही बिघडलं नाही असंच ना?

असं अजिबात नाही, आणि हा प्रश्न इतक्या वेळा येतो की जरा आकडे मांडूनच सांगतो. टिहरी २६० मीटर उंच, भागीरथीवर, २००६ मध्ये वीज सुरू झाली. माशांसाठी वर जायची वाट नाही. असेल्याची एक पिढी साधारण तीन वर्षांची धरा, म्हणजे आत्तापर्यंत सहा-सात पिढ्या झाल्या. आता वरच्या बाजूचा इफेक्टिव्ह आकडा ५०० असेल तर सात पिढ्यांत जेमतेम ०.७ टक्के फरक पडतो, तो तुमच्या मोजमापाच्या चुकीतच हरवून जाईल. तोच आकडा ५० असेल तर साधारण ७ टक्के, तो दिसेल. म्हणजे मोठं पॉप्युलेशन तुटलं तरी डीएनएत ते दिसायला शंभर वर्षं लागतील आणि तोपर्यंत अहवाल लिहिणारे सगळे रिटायर झालेले असतील.

म्हणून 'फरक आढळला नाही' या वाक्याचा अर्थ 'अजून दिसायची वेळ आली नाही' असाही असू शकतो. धरण होण्याआधीची सॅम्पलं कुणी अल्कोहोलमध्ये ठेवली असतील तर ती सोन्याच्या भावाची आहेत, कारण तेव्हाची विविधता आणि आत्ताची अशी थेट तुलना करता येते. नवीन प्रकल्पाच्या पर्यावरण अहवालात माशांच्या जातींची यादी असते, पराचे तुकडे जपून ठेवा असं कुठेच लिहिलेलं नसतं. खर्च किती, तर कुप्या, अल्कोहोल आणि एक फ्रीज.

अजून एक गोष्ट, भिंत ही एकच अडचण नाही. मागचा जलाशय म्हणजे कित्येक किलोमीटर थांबलेलं, गाळ बसलेलं पाणी, असेल्याला तिथे ना गोटे ना शेवाळ. आणि 'रन ऑफ द रिव्हर' म्हणून जे प्रकल्प निरुपद्रवी म्हणून विकले जातात त्यात पाणी बोगद्यातून नेतात, मधली नदी उन्हाळ्या-हिवाळ्यात कोरडीठाक, तो पट्टाही भिंतीइतकाच पक्का. त्यात गंमत अशी की पावसाळ्यात दरवाज्यातून काही मासे खाली वाहून येतातच. वरून खाली येणं चालू, खालून वर जाणं बंद. म्हणजे खालच्या माशांत वरची जनुकं मिसळत राहतात आणि वरचे मात्र एकटे पडत जातात, त्यामुळे नुकसान शोधायचं तर वर शोधा.

मग फिश लॅडर, म्हणजे माशांना धरण चढायची पायऱ्यांची वाट, बांधला की झालं?

कमी उंचीच्या बंधाऱ्यावर उपयोग होऊ शकतो, नीट बांधला आणि त्यात पाणी सोडलं तर. तिबेटात यारलुंग त्सांगपोवर, म्हणजे आपल्या ब्रह्मपुत्रेच्या वरच्या भागात, झांगमू धरण आहे ११६ मीटरचं, २०१५ मध्ये पूर्ण झालं, तिथे माशांसाठी वाट केलीय आणि तिथले शायझोथोरॅक्स ती वापरतात का यावर तिकडे अभ्यासही झालेत. वर चढलेल्या माशाची पिल्लं परत खाली कशी येणार हा अर्धा प्रश्न मात्र बहुतेक ठिकाणी कुणी विचारतच नाही.

२०१३ चा पूर, २०२१ ची चमोलीची घटना, यात सगळे मासे गेले असतील ना?

मुख्य प्रवाहात प्रचंड हानी होते. जून २०१३ मध्ये मंदाकिनीचं पात्रच बदललं, ७ फेब्रुवारी २०२१ ला ऋषिगंगा आणि धौलीगंगेतून चिखल आणि दगडांचा लोंढा आला. त्या दिवशी खाली अलकनंदेत मासे झुंडीनं पृष्ठभागावर आल्याच्या आणि लोकांनी ते बादल्यांनी गोळा केल्याच्या बातम्या आल्या होत्या.

पण असेला अशा नद्यांत लाखो वर्षं राहतोय, तो पूर सोसायला शिकलेला आहे, आणि त्याची युक्ती म्हणजे बाजूच्या गाडा. मुख्य नदी धुऊन गेली तरी बाजूच्या ओढ्यांत मासे उरतात, तेच परत नदी भरतात. जेनेटिक्सच्या भाषेत हा बॉटलनेक, थोड्याच माशांपासून परत सुरुवात, दुर्मिळ जनुकप्रकार पहिल्यांदा गळतात. चार-पाच गाडांतून मासे आले तर विविधता बऱ्यापैकी सावरते, एकाच गाडेतून आले तर नाही. आता त्या गाडांवर रस्त्याचा राडारोडा टाकला, तोंडाशी बंधारा घातला, की पुढच्या पुरानंतर नदी भरायला कुणी उरत नाही. माझ्या मते असेला वाचवायचा तर या बिननावाच्या ओढ्यांची यादी करणं हे पहिलं काम.

हॅचरीत बीज तयार करून सोडू या की, त्यात काय वाईट?

बीज कुणाचं आणि किती आईबापांचं यावर आहे. उदाहरण घ्या, ५० माद्या पकडल्या पण पिकलेले नर दोनच मिळाले, त्या दोघांचं मिल्ट (वीर्य) सगळ्यांना वापरलं. ५२ प्रजनक म्हणून रजिस्टरला नोंद होते. इफेक्टिव्ह आकडा निघतो साडेसातच्या आसपास. लाखभर बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) नदीत सोडली तर ती सगळी त्या दोन बापांची. आधी नदीत दोनशेचा इफेक्टिव्ह आकडा असेल तर हे पाणी घालून दूध वाढवण्यापेक्षा वाईट, कारण एकूण आकडा वाढतो आणि विविधता घटते. १९९१ पासून हे गणित माहितीये, त्याला रायमन-लायक्रे परिणाम म्हणतात, तरी आजही यशाचा आकडा 'किती लाख सोडले' हाच असतो.

दुसरी बाजू, कुठलं बीज. याचं उदाहरण लांब शोधायला नको, आपल्याच दारातलं आहे. आपला निळ्या परांचा महासीर, टॉर खुद्री, याचं वर्णन साइक्स नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्यानं १८३९ मध्ये पुण्याच्या मुळा-मुठेतल्या माशांवरून केलेलं. लोणावळ्याच्या हॅचरीत त्याचं प्रजनन जमलं, खरंच मोठं काम होतं ते, आणि चांगल्या हेतूनं त्याची बोटुकली देशभर गेली, कावेरीतही. कावेरीत स्वतःचा वेगळा महासीर होता, पाठीला उंचवटा असलेला, जगातल्या सगळ्यात मोठ्या महासीरांपैकी एक. खुद्री तिथे फोफावला आणि तो उंचवट्याचा महासीर घसरत गेला. २०१८ मध्ये कुठे पक्कं ठरलं की तो टॉर रेमादेवी, आणि त्याच वर्षी तो 'क्रिटिकली एन्डेंजर्ड' यादीत. म्हणजे मासा कोण आहे हे कळायच्या आधीच त्याच्या नदीत दुसऱ्याचं बीज. असेल्याच्या बाबतीत आत्ता आपण त्या टप्प्याच्या अलीकडे आहोत, एवढंच.

म्हणून सोडायचंच असेल तर त्याच उपनदीचे प्रजनक, नर-माद्या जवळपास सारख्या संख्येनं, एका मादीची अंडी वेगवेगळ्या नरांना वाटून, दरवर्षी नवीन प्रजनक, आणि सोडण्याआधी पराचा तुकडा ठेवून.

ब्राऊन ट्राउटशी असेल्याचा संकर होतो का?

नाही, कुळंच वेगळी. ब्राऊन ट्राउट इंग्रजांनी १९०० च्या सुमारास काश्मिरात आणला, मग हिमाचल आणि इतरत्र. तो असेल्याची पिल्लं खातो आणि जागा घेतो. त्यानं असेला वरच्या तुकड्यांत कोंडला जातो, म्हणजे जेनेटिक्सवर परिणाम होतोच, फक्त वेगळ्या वाटेनं.

असेला आणि प्रोगास्टस या खरंच दोन जाती आहेत का एकाच माशाची दोन रूपं?

नेपाळातल्या मोठ्या नद्यांत वर असेला आणि खाली मुख्य प्रवाहात शायझोथोरॅक्स प्रोगास्टस, तोंड जरा पुढे, अंग निमुळतं. आधी बघितलं तर एकाच नदीतले दोघं एकमेकांचे जवळचे वाटत, शेजारच्या नदीतल्या आपल्याच जातीपेक्षाही जवळचे. मग कल्पना अशी निघाली की प्रत्येक नदीत वरचं रूप खालच्या रूपातून नव्यानं तयार झालं असेल. ऐकायला फार सुंदर. २०२१ मध्ये रॉयल सोसायटी ओपन सायन्समध्ये नेपाळ आणि भूतानच्या माशांवरचा जिनोमभरचा अभ्यास आला आणि त्यात ही कल्पना टिकली नाही. दोन्ही वंश वेगळेच आहेत, फक्त प्रत्येक नदीत त्यांचा आपापसात संकर झालाय आणि त्या देवाणघेवाणीमुळे ते एका नदीचे भाऊबंद वाटतात. नुसता मायटोकॉन्ड्रिया बघत बसलो असतो तर हे कधीच सुटलं नसतं. आणि हो, यात पुढचं काम आहे, कारण धरणांमुळे मुख्य प्रवाह बदलला, वरचे आणि खालचे एकाच तुकड्यात अडकले की संकर वाढणार का हे आपल्याकडे बघायला पाहिजे.

तिबेटातले मासे हेच का?

नातेवाईक. चार हजार मीटरच्या आसपास गेलं की जिम्नोसिप्रिस, शायझोपायगॉप्सिस असे प्रकार लागतात, त्यांच्या अंगावर खवले जवळजवळ नसतात, मिशाही कमी किंवा गायब. चीनच्या छिंगहाई सरोवरातला जिम्नोसिप्रिस अंडी घालायला नदीत चढतो, तो इतका कमी झाला होता की तिथे मासेमारीच बंद केली. तो वेगळा विषय आहे, परत कधीतरी.

तापमान वाढलं तर मासे अजून वर जातील, एवढंच ना?

वर जागा असली तर. वर गेलं की ओढा अरुंद होतो, चढ वाढतो, धबधबा लागतो, मग हिमनदीचं गढूळ बर्फाळ पाणी. आणि मुख्य म्हणजे वर गेल्यावर फांद्या फुटतात, प्रत्येक फांदीत थोडे थोडे मासे. हिवाळ्यात खाली संगमावर येऊन जी मिसळ व्हायची, तो संगमच कोमट झाला तर ती मिसळ संपली. म्हणजे मासे मेले नाहीत तरी एका मोठ्या पॉप्युलेशनची दहा छोटी होतात, आणि छोट्यांचं काय होतं ते वर लिहिलंय.

गढवालातल्या जौनपूरच्या मौण मेळ्यात नदीत पावडर टाकून मासे पकडतात, ते बंद करायला नको का?

मसुरीच्या मागे अगलाड नदीवर जून अखेरीस होतो हा, टिमरूच्या सालीची पूड पाण्यात टाकतात, मासे गुंगतात, हजारो लोक पाण्यात उतरतात. टिमरू म्हणजे आपल्या तिरफळाचाच भाऊबंद, आपण तिरफळ बांगड्याच्या आमटीत घालतो, ते थेट नदीत. वर्षातून एक दिवस, एका नदीत, आणि न पकडलेले मासे बरेचसे शुद्धीवर येतात. वर्षभर चालणारं ब्लीचिंग पावडर, सुरुंग आणि जनरेटरचा करंट यांच्या तुलनेत मला याची फार काळजी वाटत नाही, त्यानं पिल्लांसकट सगळं मरतं. उलट मेळ्याच्या दिवशी एका जागी इतके मासे बाहेर येतात की कुणी गावाशी बोलून पराचे तुकडे घेतले तर एका दिवसात सगळ्या वयांची सॅम्पलं मिळतील.

मला यात काम करायचंय, महाराष्ट्रातून कुठून सुरुवात करू?

बीएफएससीसाठी (मत्स्यशास्त्राची पदवी) रत्नागिरीचं शिरगावचं मत्स्य महाविद्यालय, पुढे मुंबईत वर्सोव्याचं सीआयएफई (केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था). माशांच्या जेनेटिक्ससाठी लखनौचं एनबीएफजीआर (माशांच्या जनुकसंपत्तीची राष्ट्रीय संस्था) आणि थंड पाण्यातल्या माशांसाठी भीमतालची आयसीएआरची (भारतीय कृषी संशोधन परिषद) संस्था. मत्स्यशास्त्राची डिग्रीच पाहिजे असं नाही, झूलॉजी किंवा बायोटेक करून आलेलेही बरेच असतात. लॅबचं काम सहा महिन्यांत शिकता येतं. 'आर' या संगणक भाषेत डेटा हाताळायला आत्ताच शिका आणि पोहायलाही शिका, ऑक्टोबरातल्या पिंडरमध्ये गुडघाभर पाण्यातही पाय सरकतो.